सुकटीचा वास

“कुणाला खरं वाटायचं नाही डॉक्टरीणबाई, पण दाट धुक्यात मी होडी नुसत्या नाकावर किनाऱ्याला लावलीय! आमची ही घरात सुकट भाजायची आणि वास खाडीभर सुटायचा. एकदा तर वाट चुकलेली लाँचसुद्धा माझ्या नाकामागनं धक्क्याला लागली!”

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी म्हाताऱ्या होडीवाल्याला फिल्म दाखवली. कवटीच्या तळाशी, नाकाच्या अगदी वर गाठ बसली होती. तिथं जायला वाटा दोन. नाकातून गेलं तर सोपं, पण वास कायमचा जाणार. भुवईवरून कवटी उघडली तर धोका जास्त, पण असलेला वास कदाचित राहील.

“वास आधीच गेला असेल, तर मात्र नाकातूनच जाऊ.”

“गेलाय कुठला? भुवईवरनंच जा!” तो घाईघाईनं म्हणाला. बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी तो स्वतःच तव्यावर सुकट टाकायचा आणि तिचा पार धूर होईपर्यंत वाट बघत बसायचा.

बाईंनी त्याला डोळे मिटायला लावून एक बाटली नाकाशी धरली. त्यानं छाती भरून श्वास घेतला. चेहरा उजळला.

“आली! सुकटच ही. किंचित करपलीय, पण तिच्याच हातची.”

शेजारी बसलेल्या त्याच्या मुलीनं त्याचा हात घट्ट धरला.

“आबा, बाटलीचं बूच अजून काढलेलंच नाही.”