बंद दाराआडचा सत्कार

“नाव घेणार नाही मी. नुसती शाल द्यायची आहे,” सुमेधाकाकू म्हणाल्या.

“शाल म्हणजे फोटो. फोटो म्हणजे फेसबुक,” साकेत म्हणाला. “काकू, प्लीज.”

लेस्टरच्या चर्च हॉलमध्ये तो खुर्च्या मांडत होता. त्याची पँट गुडघ्यापर्यंत अजून ओली होती. सकाळी काकूंबरोबर नदीत उतरून त्यानेच पाण्याचे नमुने घेतले होते. वसंतात तो ‘नदीमित्र’ गटात आला, तेव्हापासून थंडगार पाण्यात सगळ्यात आधी पाय टाकणारा तोच.

काकू इथल्याच हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. दर महिन्याला त्यांचं व्याख्यान, मग गाणं, आणि येईल ती देणगी पाण्याच्या तपासणीला, असा गटाचा शिरस्ता होता.

पाण्याच्या कंपनीचं म्हणणं होतं की अतिवृष्टी झाली तरच मैलापाणी न गाळता नदीत सोडलं जातं. पण कंपनीतलंच कुणीतरी काकूंना आतल्या नोंदी पाठवत होतं. पावसाचा टिपूस नसतानाही मैलापाण्याची दारं उघडली जात होती, असं त्या नोंदी सांगत होत्या. पुढच्या महिन्यात सरकारी सुनावणी होती. तिच्यासाठी नोंदींचा शेवटचा संच यायचा राहिला होता.

पाठवणाऱ्याचं नाव फक्त काकूंना माहीत होतं.

“अगं, मागच्या वेळी माइक दुरुस्त केला म्हणून तू त्या जॉनला नारळ दिलास,” काकूंचे यजमान शशीकाका चहाच्या टेबलामागून म्हणाले. “तो अजून विचारतो, हे उघडायचं कुठून.”

“मग? काम केलं त्याने. आणि या माणसाने तर नोकरी पणाला लावली आहे. त्याला कोरडे आभार?”

“नोकरीच नाही, व्हिसा पण. तुम्हीच म्हणाला होतात,” साकेत म्हणाला. “कंपनीत एकेकाला बोलावून विचारतायत.”

“माहीत आहे मला.”

“कायद्याचं संरक्षण असतं ना अशा लोकांना?” शशीकाकांनी विचारलं.

“असतं. कोर्टात दोन वर्षांनी न्याय मिळेल. नोकरी गेली तर व्हिसा दोन महिन्यांत जाईल.” साकेतच्या कपाळावर घाम होता.

“तुला कशाला एवढा घाम फुटलाय? तूच आहेस की काय तो?”

शशीकाका हसले. साकेत खुर्ची सरळ करत राहिला.

व्याख्यानाला हॉल भरला. काकूंनी पडद्यावर पाण्यातल्या ऑक्सिजनचा आलेख दाखवला. कोरड्या आठवड्यात रेघ एकदम खाली पडली होती. त्या जागी बोट ठेवून त्या म्हणाल्या, “इथे मासे मेले. इथे पाऊस नव्हता.”

“हे आकडे आले कुठून?” मागून एकाने विचारलं.

“नदीने सांगितले,” काकू म्हणाल्या. लोक हसले. कडेला उभा असलेला साकेत खाली बघत होता.

पूर्वार्धात गटातला गंधार नावाचा तरुण गायला. मध्यंतरात काकूंनी साकेतला कोपऱ्यात घेतलं.

“तुझं पटलं मला. स्टेजवर काही नाही. पण ती आज गाणं ऐकायला आली आहे. तिला रिकाम्या हाताने पाठवायचं माझ्याच्याने होत नाही. आत मुलांच्या खोलीत देते, पाच मिनिटांत. फक्त ताट धरायला कुणीतरी हवं. आमच्या यांच्या पोटात काही राहत नाही.”

“मला नका सांगू, काकू. मला कळायलाच नको.”

“तिची एवढी काळजी तुझ्याशिवाय कुणी केली नाही. चल.”

भिंतीवर मुलांनी रंगवलेले कागदी मासे होते. एका बुटक्या खुर्चीवर कोट न काढता एक बाई बसली होती. दार वाजल्याबरोबर ती उभी राहिली.

“घाबरू नकोस. आपलाच मुलगा आहे,” काकू म्हणाल्या. “साकेत, ही उर्वी. कंट्रोल रूममध्ये असते.”

साकेतने ताट धरलं. काकूंनी कुंकू लावलं, शाल पांघरली, नारळ हातात दिला. उर्वीला रडू आलं.

“सॉरी. घरी सांगता येत नाही, ऑफिसात तर नाहीच. लेकीच्या, मायराच्या शाळेत कुणी ‘कशी आहेस’ विचारलं तरी मला वाटतं, यांना कळलंय.” तिने डोळे पुसले. “एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी शाबास म्हणालं.”

“शाबास तर आहेच,” काकू म्हणाल्या. त्यांनी पर्समधून फोन काढला. “एकच. माझ्यापुरता.”

“नाही,” साकेत म्हणाला. “फोटो नको.”

उर्वीने त्याच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. “तूच ना, नमुने घ्यायला उतरतोस? मैलापाण्याचं दार उघडलं की मला इकडे स्क्रीनवर दिसतं. तेव्हा मनात येतं, आत्ता पाण्यात कुणी उभं असेल का?” ती काकूंकडे वळली. “शेवटचा संच सोमवारी देते. मग संपलं.”

“मग संपलं,” काकू म्हणाल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“पुढून नको जाऊस,” साकेत म्हणाला. “मागच्या दाराने चल. मी गाडीपर्यंत येतो.”

शाल तिने घडी करून कोटाच्या आत धरली. बाहेर भुरभुर चालू होती. साकेतने तिच्यावर छत्री धरली, कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि गाडीचं दार उघडून दिलं. “थँक्स हं,” ती म्हणाली. “खरंच.”

आत उत्तरार्ध सुरू झाला होता. तिची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत साकेत तिथेच थांबला. मग त्याने कंपनीच्या चौकशी अधिकाऱ्याला फोन लावला.

“नाव मिळालं,” तो इंग्रजीत म्हणाला. “स्पेलिंग सांगतो, लिहून घ्या.”