इथून इथपर्यंत

बशीर उस्तादांनी संगणकाच्या काचेवर बोट टेकवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "बाहीची ही गोलाई इथून धरायची आणि इथपर्यंत न्यायची. झालं?" मग ते उत्तराची वाट पाहत थांबले.

सिहामने पुन्हा रेकॉर्डिंग थांबवलं.

"उस्ताद, बोट दिसत नाही हो त्यात. पडद्यावर हलेल तेवढंच उमटतं. माऊसने बाण हलवा."

"बाण हलवायला गेलो की जीभ अडते माझी."

"आणि प्रश्न विचारून थांबता कशाला? समोर भिंत आहे."

"भिंतीला विचारल्याशिवाय पुढं जायचं, तर मग शिकवायचं कशाला?"

ट्युनिसियातल्या मोनास्तिरच्या या शिवणकाम केंद्रात उस्तादांनी निम्म्या गावाच्या लेकींना संगणकावर कपड्याचा कट काढायला शिकवलं होतं. आता वर्ग बंद झाले होते, धडे मुलींच्या फोनवर जायचे होते. संचालक मादाम रफीका आडपडदा न ठेवता बोलून गेल्या होत्या: जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक तरी नीट धडा मिळाला नाही, तर राजधानीतून तयार धडे मागवू. उस्तादांनी ते हसण्यावारी नेलं. पण समोरच्या चहाला हात लावला नव्हता, त्यातले बदाम फुगून वर आले होते.

सिहामला तो जुना वर्ग आठवला. उस्ताद पाठीमागून फिरायचे, खांद्यावरून हात लांबवून काचेवर बोट ठेवायचे. माऊसला मात्र कधी शिवले नाहीत. म्हणायचे, "हात तुझा बसला पाहिजे, माझा बसून काय उपयोग?" मग 'झालं?' विचारून थांबायचे. सगळ्यात हळू सिहामच. बाकीच्या पोरी फिदीफिदी हसायच्या, पण तिचं 'झालं' ऐकल्याशिवाय ते पुढच्या रेघेला जायचे नाहीत. तसं कोणी आपल्यासाठी थांबल्याला किती वर्षं झाली, या विचाराने तिला भरून आलं. त्या खोलीत आता खोक्यांची थप्पी होती.

तिने खुर्ची ओढून उस्तादांच्या शेजारी घेतली आणि माऊस आपल्याकडे सरकवला.

"तुम्ही बोट ठेवा. बाण मी नेते."

"म्हणजे मी माऊसला हातच लावायचा नाही?"

"कधी लावलात?"

उस्ताद हसले. सकाळपासून पहिल्यांदाच.

रेकॉर्डिंग सुरू झालं. काचेवरून बोट सरकत गेलं, बोटामागून बाण. बाही खांद्याजवळ मुंढ्याच्या गोलाईला नेमकी येऊन मिळाली. उस्तादांची जीभ कुठे अडली नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं आणि थांबले.

"झालं, उस्ताद," सिहाम बोलून गेली आणि तिने जीभ चावली. तोवर उस्ताद पुढच्या खुणेकडे वळले होते. तिने रेकॉर्डिंग चालू राहू दिलं.

मादाम रफीकांनी कानाला हेडफोन लावून धडा शेवटपर्यंत पाहिला.

"छान जमलंय. हाच पाठवू," त्या म्हणाल्या. "फक्त मध्येच तुझा आवाज आलाय बघ. तेवढा काढून टाक."

"तो राहू द्या, मादाम," सिहाम म्हणाली. "तो काढला तर उस्ताद पुढं जायचे नाहीत."