नुसती घासून गेली

पक्षाघाताने मॉरीनची वाचा गेली, तेव्हा सिरिलने ब्रीम माशांसाठी घेतलेलं यंत्र तिच्या उशाशी बसवलं. एरवी माशाने दोरा जरा ओढला की ते वाजायचं. आता दोरा मॉरीनच्या बोटाला होता. तळं घरामागेच, आणि यंत्राची वाजणारी बिनतारी डबी सिरिलच्या खिशात.

पहिल्याच दिवशी तो सात वेळा धावला. एकदा तिला पाणी हवं होतं, बाकी वेळा ती झोपेत हलली होती.

"अरे, ब्रीम कितीदा दोऱ्याला नुसती घासून जाते," शेजारी गळ टाकून बसलेला डेरेक म्हणाला. "दरवेळी उठलास तर शेपटीही हाती लागणार नाही. यंत्र जरा जड कर."

"बायको आहे ती, डेरेक."

"मग तिला म्हणावं, नीट ओढ."

चाळीस वर्षं गळ टाकणाऱ्याला हे पटण्यासारखंच होतं. दुसऱ्या दिवशी सिरिलने यंत्र असं लावलं की दोरा जोर लावून वीतभर ओढला तरच वाजेल. दिवस मोठा निवांत गेला. त्याने सहा ब्रीम धरल्या, कौतुकाने वजन केलं आणि परत पाण्यात सोडल्या.



संध्याकाळी तो घरात आला तेव्हा मॉरीन गार पडली होती, आणि ओढून ओढून दोरा तिच्या बोटात हाडापर्यंत रुतला होता.