अँटेना फिरवताना

निवृत्त झाल्यावर क्लिफर्डनं घर विकून कालव्यातली होडी घेतली. तेव्हापासून तो आणि त्याची बायको हेझल सात फूट रुंदीत कोपराला कोपर लावून राहत होती. होडी नव्या काठाला बांधली की छतावरचा अँटेना पुन्हा फिरवावा लागे. त्या रविवारी क्लिफर्ड वर चढला, आणि लगेच टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं, चर्चमधल्या भजनांचा गजर सुरू झाला.

“दिसतंय का गं?”

“कसलं दिसतंय! फुटतंय नुसतं. फिरव अजून!”

हेझल पाय पसरून, डोळे मिटून ऐकत राहिली. आठवड्यातला तेवढाच वेळ तिचा एकटीचा.

शेवटचं भजन रंगात आलं तशी “अजून नाही रे!” म्हणत तिनं झरोक्यातून वर डोकावलं.

अँटेनाकडे पाठ करून, उन्हात पाय सोडून बसलेला क्लिफर्ड ओरडला, “फिरवतोय गं बाई, फिरवतोय!”