पहिलटकरीण

मानसीला पाचवा महिना लागला होता. तिचा रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा, लोकेशचा, पॉझिटिव्ह, म्हणून भाईंदरच्या डॉक्टरीणबाईंनी एक जादा तपासणी करून घेतली होती. रिपोर्ट ऐकायला मुर्ध्याहून तिची सासू जिजाबाईही हट्टाने आली होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "हिच्या रक्तात बाळाच्या रक्तावर उठणाऱ्या अँटीबॉडीज तयार झाल्यात. पहिल्या खेपेला सहसा असं होत नाही. मानसी, याआधी कधी दिवस गेले होते?"

मानसीने मान खाली घातली आणि हळूच म्हटलं, "हो. गर्भ पाडला होता."

"लगीन होऊन वरीस न्हाय झाला!" जिजाबाई खुर्चीतून उठलीच. "कुनाचा पाप घेऊन आलीस गो माज्या घरान?"

मानसीने शेजारी बसलेल्या लोकेशकडे पाहिलं. त्याने आपली खुर्ची तिच्यापासून लांब सरकवली.

"आई विचारतेय ना? उत्तर दे," तो थंडपणे म्हणाला. "मलाही कळू दे, कोण होता तो."

"भांडणं घरी जाऊन करा," डॉक्टरीणबाई कडाडल्या. "मला बाळ वाचवायचंय. मानसी, तेव्हा गर्भ पाडल्यावर तुला अशा अँटीबॉडीज होऊ नयेत म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन दिलं होतं का?"



"मला भूल दिली होती, मॅडम. यांना विचारा, बाहेर हेच बसले होते."