राहिलेली आंघोळ

निळ्या पिंपात बर्फाची दुसरी लादी सोडून निनादने थर्मामीटर पाहिला. बारा अंश. आणखी दोन उतरायला हवेत, असं त्याने वहीत लिहिलं.

अण्णा गेले तेव्हा तो जर्मनीतल्या प्रयोगशाळेत होता. बापाचं अंत्यदर्शन फोनवर झालं. पाच महिन्यांनी घरी आला, तरी झोप नव्हती आणि डोळ्यांत टिपूसही नव्हतं. गार पाण्यात बसलं की झोप लागते, असं त्याने वाचलं होतं.

आई परसदारी आली. "एवढ्या गार पाण्याने आपल्यात माणूस गेल्यावरच आंघोळ करतात."

"प्रयोग आहे गं, झोपेसाठी."

"असू दे. अण्णांचं कळलं, त्या दिवशी केली होतीस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत नमुने तपासत बसला होता. हात थांबले असते, तर बातमी खरी मानावी लागली असती.

"मग बस आता," आई म्हणाली.

तो गळ्यापर्यंत पाण्यात उतरला. श्वास अडकला. त्याने सेकंद मोजायला घेतले, तोच आईने अण्णांचा तांब्या बुडवून त्याच्या डोक्यावर रिता केला. मग दुसरा. तिसऱ्याला आकडे चुकले आणि "अण्णा" म्हणत तो लहान मुलासारखा रडू लागला.

आईने त्याला पुरतं रडू दिलं. मग पंचा पुढे धरून ती म्हणाली, "चल, आता घरात ये."