डावीकडचे पाय

"परत वाढलं," एवाल्ड म्हणाला.

पाणसळीतला बुडबुडा डावीकडे सरकला होता. काल दुपारी तो अगदी मधोमध होता.

"काय वाढलं?" त्रुदानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"लाकूड."

ओकचं ते लाकूड गेले सहा दिवस रोज सकाळी चार मिलिमीटर वाढत होतं, आणि फक्त डावीकडेच.

एवाल्ड कोपिएत्सनं तीस वर्षं सिलेसियातल्या कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियनचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यानं रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि टेपरेकॉर्डर ठेवायला लाकडी मांडणी करायला घेतली. विकतची चालणार नव्हती. गावाखालचा कोळसा काढून झाल्यामुळे वरच्या इमारती जमेल तशा कलल्या होत्या. प्रत्येक घरात कपाटाखाली पाचर असायची, बशीतलं सूप एका बाजूला खोल असायचं, आणि पाहुणा आला तरी त्याबद्दल कुणी काही बोलत नसे.

एवाल्डच्या घरातली जमीन डावीकडे, खिडकीच्या दिशेनं उतरत होती. म्हणून त्यानं मांडणीचे डावे पाय उजव्यांपेक्षा चार सेंटिमीटर लांब केले होते. माप चोख होतं. पहिल्या दिवशी तर त्यानं शेजाऱ्यांना बोलावून बुडबुडा दाखवला होता.

घाई होती ती वडिलांमुळे. अलोइझ सत्त्याऐंशी वर्षांचे. पूर्वी खाणीच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवायचे. त्या बँडची एकच रेकॉर्ड निघाली होती. तिच्या दुसऱ्या बाजूला दीड मिनिट फक्त अलोइझ होते. पण कलत्या टेबलावर सुई नेमकी तिथेच घसरायची आणि ट्यूबा ओलांडून थेट टाळ्यांवर जायची. गेल्या बार्बुर्काला, म्हणजे खाणकामगारांच्या सणाला, म्हातारा म्हणाला होता, "पुढच्या वर्षी मी असेन-नसेन. एकदा टाळ्यांच्या आधीचं ऐकव, पोरा."

बार्बुर्का परवावर आली होती.

त्रुदाचा भाऊ रायमुंड चहाला आला. लाकूड त्यानंच दिलं होतं.

"ओलं लाकूड गळ्यात मारलंस," एवाल्ड म्हणाला.

"अठरा वर्षं माझ्या माळ्यावर होतं. तुझ्यापेक्षा कोरडं आहे."

"मग वाढतं कसं?"

"झाड अजून मेलं नसेल. पाणीबिणी घालतोस का?"

एवाल्डनं करवत उचलली. रायमुंडनं कप जरा लांब सरकवला.

"पुठ्ठा घाल की खाली. सगळं गाव घालतं."

"पुठ्ठा थरथरतो. सुईला ऐकू येतं."

"सुईला कान असतात?"

"तुझ्यापेक्षा बरे असतात."

एवाल्डनं मांडणी आडवी केली आणि दोन्ही डाव्या पायांचे चार-चार मिलिमीटर कापले. भुसा पावावर पडला. तळघरात शिकंज्यात धरून नीट कापता आलं असतं, पण महिनाभर तिथे कुणीतरी यंत्रं लावून बसलं होतं. सकाळी सहापासून घरघर सुरू.

"काय चाललंय तरी काय खाली?"

"अरे ते? ते कमि—" रायमुंडनं सुरुवात केली.

"या घरात कमिटीचं नाव काढायचं नाही!"

अकरा वर्षांपूर्वी एवाल्डनं जिन्यात फुकट दिवा बसवून दिला होता. तो वाकडा बसवला आहे, असा ठराव इमारतीच्या कमिटीनं एकमतानं केला. त्या कललेल्या इमारतीत. तेव्हापासून कमिटीचा कागद आला की एवाल्ड तो न वाचता फाडत असे.

रायमुंडनं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं चहात साखर घातली.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "बार्बुर्का होऊन जाऊ दे. आठवड्यानं कर. तेव्हा जमेल."

"आणि बाबांना काय सांगू? आठवडाभर दम धरा?"

"सांगून बघ. तसे समजूतदार आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुडबुडा परत डावीकडे. एवाल्डनं पुन्हा कापलं. मग खुर्चीत बसून तो बराच वेळ मांडणीकडे बघत राहिला आणि एकदम उठला. सात दिवसांत तो पहिल्यांदाच हसला.

"त्रुदा! रोज चारच वाढतं ना? मग उद्याचे चार आजच कापून टाकतो. वाढ म्हणावं आता!"

"एवाल्ड, उद्या ते..."

"बोलू नकोस. माप चुकेल."

त्यानं कापलं, पायांना वार्निश लावलं आणि शीळ घालत हात धुतले.

बार्बुर्काच्या पहाटे खाणीचा बँड गल्लीतून वाजत गेला. एवाल्डनं ठेवणीतला कोट घातला आणि पाणसळ ठेवली.

बुडबुडा उजवीकडे.

त्यानं पाणसळ झटकली, पुसली, उलटी ठेवली. बुडबुडा उजवीकडेच. त्यानं लाकडावर हात ठेवून वाट पाहिली. लाकूड ढिम्म. करवत शोधेपर्यंत दार वाजलं. अलोइझ इस्त्रीचा गणवेश घालून, दोन तास आधीच आले होते.

"झाली का रे मांडणी?" म्हातारा खुर्ची ओढून अगदी जवळ बसला. "लाव."

एवाल्डनं श्वास रोखून सुई टेकवली. बँड वाजला, ढोल थांबले, अलोइझनी डोळे मिटले. सुई खरवडत घसरली आणि टाळ्या सुरू झाल्या.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि सवयीनं मान झुकवून टाळ्या स्वीकारल्या.

"सात दिवस!" एवाल्ड ओरडला. "सात दिवस रोज चार मिलिमीटर वाढलं हे! आजच का नाही वाढलं?"

त्रुदानं बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांचं, क्लुस्कींचं भांडं टेबलावर ठेवलं.

"सांगते. पण कमिटीचं नाव काढावं लागेल."

"काढ!"

"कमिटीनं खाली जॅक लावून, डावी बाजू उचलून इमारत सरळ करायला घेतलीय, रोज थोडी थोडी," ती म्हणाली. "ती माणसं रविवारीसुद्धा येतात, पण बार्बुर्काला त्यांना सुट्टी असते."